परतीचं टेबल

आमच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. वाचकांनी परत केलेली पुस्तकं दिवसभर त्या टेबलावर ठेवायची आणि वाचनालय बंद करण्याआधी आपापल्या कपाटात लावायची, असा नियम. मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हापासून अगदी परवा निवृत्त होईपर्यंत तो नियम पाळायला मी रोज तयार होते, पण लावायला पुस्तकं उरली तर ना! आमचे निम्मे वाचक कपाटांकडे ढुंकूनही बघत नसत. ते थेट टेबलाशी यायचे, एकेक पुस्तक उलटसुलट करून बघायचे आणि मला विचारायचे, "बाई, हे कोणी आणलं?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. पुस्तक कोणी लिहिलं हे सोडून कोणी आणून दिलं हे काय विचारायचं? पण आमच्याकडे तीच पद्धत. पोस्टातल्या बाईंनी परत केलेलं पुस्तक टेबलावर टेकायचा अवकाश, ते गेलंच. पेन्शनरांपैकी कुणी आणलेलं असलं की बायका ते हळूच खाली ठेवायच्या, कारण त्या मंडळींना लढाया आणि मधुमेह याखेरीज काही आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक. पानांना फोडणीचा वास येत असला तर फारच उत्तम. स्वयंपाक करताना जे पुस्तक हातातून सुटलं नाही ते वाईट असणार नाही, एवढा साधा हिशेब.

राहुरीहून शनिशिंगणापूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. तिथलं हे वाचनालय. दोन खोल्या, एक व्हरांडा, पत्र्याखाली वर्तमानपत्रांची जागा. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचणारी भाग्यवान बाई, असा माझ्या सासरच्यांचा शेवटपर्यंत समज होता. प्रत्यक्षात ग्रंथपालाचा वेळ धूळ, वाळवी आणि शब्दकोडं फाडून नेणारे आजोबा यांच्यामागे जातो. उरलेल्या वेळात पुस्तकांवर शिक्के मारायचे, आणि त्यातूनही वेळ उरला तर लेखकांना तोंड द्यायचं.

लेखकांबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे आधीच सांगते. आमच्या भागात लिहिणारे पुष्कळ, आणि ते मला आवडतं. शेतातून, शाळेतून, कारखान्यातून आलेली माणसं लिहितात, स्वतःच्या पदराला खार लावून छापून आणतात. त्रास सुरू होतो तो छापून झाल्यावर. एक कवी होते, त्यांनी मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला कवितासंग्रह दिला. इथवर ठीक. पण मग आठवड्याभराने त्या पाहुण्यांना फोन, कुठली कविता जास्त भिडली? जिलबी कशी होती हे विचारलं असतं तर माणसं मनापासून बोलली असती. दुसरे एक वाचनालयात यायचे ते फक्त आपलं पुस्तक फळीवर दर्शनी उभं करायला. त्यासाठी शेजारच्या चार पुस्तकांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. आणि एक दाताचे डॉक्टर होते, गझला लिहायचे. पेशंटचं तोंड उघडं, त्यात आरसा आणि कापूस, आणि डॉक्टर गझल म्हणतायत. दाद द्यायची सोय नाही आणि उठून जायचीही नाही. आमच्या गावची माणसं दाढ काढायला राहुरीला जायला लागली ती तेव्हापासून.

या सगळ्यांवर ताण केली काळे साहेबांनी.

रंगनाथराव काळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मुळा धरणाच्या कालव्यावर त्यांची अख्खी नोकरी गेली. पाटकरी म्हणून लागले, म्हणजे कालव्यावर फिरून शेतांकडे पाणी नेणाऱ्या कुठल्या चारीचं दार कधी उचलायचं, कधी पाडायचं, कुणाच्या शेताला पाण्याची पाळी केव्हा, हे बघणारा माणूस. पुढे बढती मिळून साहेब झाले. नोकरीत असताना सकाळी दार उघडायच्या आत त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. निवृत्तीनंतर ओटा रिकामा झाला. हे मी नंतर जोडून बघितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की एका माणसाने पुस्तक लिहिलंय आणि गावात आता कुणाची धडगत नाही.

पुस्तकाचं नाव होतं 'प्रवाही जीवनाची अमृतगाथा'. मुखपृष्ठावर काळे साहेबांचा फेटा बांधलेला फोटो, मागच्या बाजूला सत्काराचे फोटो, खाली मोबाईल नंबर आणि 'वाचून त्वरित अभिप्राय कळवावा' अशी सूचना. आत आठ मान्यवरांच्या आठ प्रस्तावना. त्यातल्या दोघांनी पुस्तक वाचलं नसल्याचं प्रस्तावनेतच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्या ओलांडून पुढे जाण्याचं बळ गावात कुणातच नव्हतं. मीही त्यातलीच.

प्रकाशन साधंसुधं करतील तर ते काळे साहेब कसले! मारुतीच्या देवळापासून वाचनालयापर्यंत त्यांनी ग्रंथदिंडी काढली. पुढे शाळेचं लेझीम, मागे बँड, मधे पालखी, आणि पालखीत त्यांच्याच पुस्तकाच्या प्रतींची चवड. वाचनालयाच्या पायरीशी पालखी टेकली. सुवासिनींनी हळदकुंकू वाहिलं. मग तालुक्याच्या पुढाऱ्यांना नारळ वाढवायला सांगितलं. पायरीवर वाढवायचा तो नारळ त्यांनी उत्साहाच्या भरात पालखीच्या दांडीवरच आपटला. नारळ पाण्याने चांगला भरलेला निघाला. ते सगळं पाणी वरच्या प्रतीवर सांडलं आणि मुखपृष्ठावरच्या काळे साहेबांच्या फेट्यावरून हळदीचा पिवळा ओघळ खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळे साहेब म्हणाले, "शुभशकुन आहे! ही मानाची प्रत वाचनालयाला." आणि तिच्यासोबत एक कपाट भरेल एवढ्या कोऱ्या प्रती भेट दिल्या.

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. जागा ठरलेली. परतीच्या टेबलाशेजारची खुर्ची. टेबलावर सगळ्यांत वर आपलं पुस्तक ठेवायचं, हात गुडघ्यांवर, नजर दाराकडे. कुणी आत आलं की, "नमस्कार! वाचलं का?"

वाचक बिचारे पुस्तक बदलायला आलेले. "चालू आहे" म्हणावं तर कुठवर आलात, असा पुढचा प्रश्न. "झालं वाचून" म्हणावं तर आठवा भाग कसा वाटला? "नाही" म्हणावं तर प्रत हातात. निवृत्त गुरुजींनी शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचं सांगून टाकलं आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्र वाचायचीही चोरी झाली. व्हॉट्सअपवर 'अमृतगाथा वाचक परिवार' निघाला, त्यात गावातल्या सगळ्यांना न विचारता घेतलं. रोज सकाळी फेट्याचा फोटो आणि खाली एक उतारा. कोंबडा आरवायच्या आत मोबाईल वाजायला लागला. "अहो बाई, वाचनालयाचं सभासद होताना नंबर दिला ही आमची चूक झाली का?" असं पोस्टातल्या बाई मला म्हणाल्या, आणि त्यांचा राग रास्त होता.

वाचक काळे साहेबांच्या वेळा बघून यायला लागले. ते जेवायला घरी गेले की तेवढ्या तासाभरात घाईघाईने पुस्तकं बदलायची. काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही, येणंच सोडलं. टेबलाशी रेंगाळून गप्पा मारणं तर बंदच झालं. एकदा मी साहेबांना हळूच म्हटलं, "साहेब, उन्हाचं रोज कशाला येता? जरा विश्रांती घ्या घरी." ते हसून म्हणाले, "लेखकाला विश्रांती कुठली, बाई?" गावातली एक वाचणारी बाई, एक वाचणारा म्हातारा तयार व्हायला वर्षं जातात हो. आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत एकेक जण गळत होता.

शोभाताई तुटल्या तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. शोभाताईंची शिंगणापूरच्या रस्त्याला पूजेच्या सामानाची टपरी. तेल, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड. शनिवारी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, बाकीच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी, मग त्या तेलाच्या बाटल्यांमागे बसून वाचतात. सातवीपर्यंत शिकल्या, पण इतकी चवीने वाचणारी बाई मी दुसरी बघितली नाही. एक दिवस त्या वाचनालयाच्या पायरीवरूनच मला म्हणाल्या, "बाई, त्यो मानूस तिथं बसल्याला आसंल तं म्या न्हाई येनार. शनिवारी माजं गिऱ्हाईक माज्याकडून तेल घेतं, मी काय त्याच्या मागं देवळापत्तूर पळते का, तेल वाह्यलं का म्हनून?"

त्याच सुमारास माझ्या हातून नव्हे, पण माझ्या नाकाखाली एक घोटाळा झाला.

वर्षातून एकदा फाटकी पुस्तकं बांधणीला जायची. आमचे बाइंडर चाँदभाई. त्यांची पद्धत जुनी. फाटलेलं मुखपृष्ठ काढून टाकायचं, जाड पुठ्ठा घालायचा, हिरवं कापड चढवायचं आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने पुस्तकाचं नाव लिहायचं. एकदा त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक मग माणसाच्या जन्माला पुरतं. त्या खेपेला गठ्ठ्यात मी मानाची प्रतही घातली होती. नारळपाण्याने तिची पानं फुगून एकमेकांना चिकटली होती, आणि दाखल झालेलं पुस्तक टाकून देता येत नाही.

गठ्ठा परत आला तेव्हा चाँदभाई म्हणाले, "बाई, त्या एका पुस्तकाचं वरचं सगळं गेलेलं होतं. मुंग्या लागल्या होत्या गोडाला. कव्हर, फोटो, पुढची भाषणं, सगळं एक ढेकूळ. ते कापून टाकलं. आतलं पुस्तक चांगलं आहे."

"आणि नाव?"

"नाव कुठं सापडंना. मग पहिल्या चांगल्या पानाच्या डोक्यावर जे छापलं होतं ते टाकलं."

मी पाठीवर बघितलं. चाँदभाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'टेलचं पाणी'. ते पहिल्या प्रकरणाचं नाव होतं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथल्या शेतकऱ्याच्या नशिबी पाणी कमी आणि वाट बघणं जास्त, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं. मला हसू आलं. नाव दुरुस्त करायला परत पाठवू म्हणून मी ते टेबलाच्या कडेला ठेवलं आणि पुढच्या कामाला लागले. साहेब जेवायला गेले होते. ती वेळ साधून शोभाताई आल्या आणि परतीच्या टेबलावरचं म्हणून ते हिरवं पुस्तक घेऊन गेल्या. मी तोंड उघडलं होतं, पण मिटून घेतलं.

चार दिवसांनी त्या पुस्तक परत द्यायला आल्या आणि पाठोपाठ तेच पुन्हा मागायला लागल्या, अजून एकदा वाचायचंय म्हणून. ते परत आलं तेव्हा पोस्टातल्या बाई तिथे होत्या. "हे कोणी आणलं?" त्यांनी विचारलं. "शोभाताईंनी," मी म्हटलं. झालं! तिथून ते गुरुजींकडे गेलं, मोतीबिंदूसकट. गुरुजींनी परत केलं त्या दिवशी ते टेबलावर पुरता अर्धा तासही टिकलं नाही.

आणि काळे साहेब तिथेच बसलेले होते! त्यांच्या नाकासमोरून त्यांचंच पुस्तक येत होतं, जात होतं. एकदा तर आपली कोरी प्रत वर ठेवायला त्यांनी ते हिरवं पुस्तक स्वतःच्या हाताने बाजूला सारलं. दुसऱ्याचं पुस्तक उघडून बघायची त्यांना सवयच नव्हती.

मग मीही ते घरी नेलं. भाकरी तव्यावर करपली, एवढं सांगितलं तरी पुरे. प्रस्तावनांच्या त्या डोंगरामागे इतकं साधं, खरं लिहिणारा माणूस बसला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अमृत नाही, गाथा नाही, नुसता कालवा आणि त्याच्या काठची माणसं. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं की नवा पाटकरी हौसेने दार एकदम पूर्ण उचलतो. त्याला वाटतं, पाणी झपाट्याने पुढे जाईल. होतं उलटंच. चारी मधेच फुटते, पाणी ओढ्याला जातं आणि टेल कोरडाच राहतो. दार बोट बोट उचलायचं असतं. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि एकटीच बडबडले, अहो साहेब, मग हे तुम्हाला पुस्तकाच्या बाबतीत कसं सुचलं नाही?

त्यांना सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगितलं की काय होणार हेही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागणार, 'वाचकांच्या उदंड प्रतिसादात', आणि गुरुजींच्या सत्काराची तयारी. चारी फुटणार. मी गप्प बसले. ते रोज दाराकडे डोळे लावून बसलेले आणि मी रोज गप्प. मला ते जड जात होतं.

मग व्हॉट्सअपवरचा तो परिवार संपला. आधी एक जण बाहेर पडला, त्याला बघून दुसरा, आणि मग ज्यांना बाहेर पडता येतं हे ठाऊक नव्हतं त्यांनाही ते कळलं. संध्याकाळपर्यंत त्यात काळे साहेब आणि त्यांचे साडू एवढेच उरले. साहेबांनी तो सगळा वेळ मोबाईल हातात धरून तेच बघितलं असणार. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. वाचक हळूहळू पुन्हा टेबलाशी रेंगाळायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं. पण ती रिकामी खुर्ची बघून कसंसंच व्हायचं.

आठवडाभराने दुपारी दाराशी टेम्पो थांबला. साहेब उतरले. दाढी वाढलेली, अंगात घरातलाच शर्ट. आत येऊन म्हणाले, "बाई, ते कपाट रिकामं करून द्या. रद्दीवाल्याशी बोललोय. उगाच तुमची जागा अडलीय."

"साहेब, बसा तरी."

ते बसले, आपल्या नेहमीच्या खुर्चीत. "मी लिहायला नको होतं. कालव्यावर होतो तोवर लोक पाण्यासाठी का होईना, घरी यायचे. म्हटलं, निदान हे वाचायला तरी..." मग म्हणाले, "एक खरं सांगाल? वाईट आहे का हो पुस्तक?"

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "बाई, त्यो मानूस हाय का आत?"

शोभाताई. मधे पुन्हा भावासाठी म्हणून नेलेलं पुस्तक त्यांच्या हातात होतं. हिरव्या कापडाचं.

"आहेत," मी म्हटलं, "पण तुम्ही या."

त्या आल्या. साहेबांकडे न बघता पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "बाई, ह्या मानसाचं दुसरं काय हाय का?"

"आवडलं?"

"आवाडलं म्हंजे? माजा भाऊ पुस्तकाला हात न लावनारा मानूस. त्याचं वावार टेललाच हाय. त्यानं उन्हात बसून वाचलं. म्हन्ला, आक्के, हे लिहिनारा कालव्यावर पाय झिजवल्याला मानूस हाय, ऐकीव न्हाई."

साहेबांनी मान वर केली.

"त्या सुरवातीच्या म्हातारीचं लई जिवाला लागलं, बाई. कोरड्या चारीत हात ठिवून बसती, पानी येतंय का बघाया. आन पानी येतं तं कसं? आदी पाचोळा, मंग मुंग्या, मंग फेस, मंग पानी. आगदी आसंच येतं! म्या ल्हानपनी बघितलंय. आन त्यो पाटकरी!" शोभाताई हसायलाच लागल्या. "वरचा सायेब म्हन्तो, जा, दार पाड. तं ह्या पठ्ठ्यानं आपल्याच सायकलची हवा सोडली आन निरोप धाडला, पंक्चर झाली, चालत येतोय. तेवढंच म्हातारीला पानी जास्ती. पन पुढचं लिहिलंच न्हाई मेल्यानं! पुरलं का न्हाई पानी? आमी दोगं भाऊ-भैन भांडतोय त्यावरून. भेटला आस्ता तं धरून इचारलं आस्तं."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. हात शर्टाच्या खिशात गेला होता. त्या खिशात ते फेट्याचा फोटो छापलेली कार्डं ठेवायचे. आता उठणार, मी मनात म्हटलं, आता सांगणार, आणि या बाईच्या डोळ्यांतलं हे सगळं विझणार.

हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"पुरलं," ते म्हणाले. "म्हणजे... पुरलं असेल."

शोभाताई गर्रकन वळल्या. "तुमाला काय म्हाईत? वाचलंय का तुमी?"

गावातल्या प्रत्येकाला या माणसाने हा प्रश्न विचारला होता. आज त्याला तो विचारला गेला. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"नाही," ते म्हणाले.

"मंग आदी वाचा. तुमचं ते ऱ्हाऊ द्या जरा बाजूला, राग मानू नका. हे वाचा. लिहायचं तं आसं."

त्यांनी टेबलावरचं दुसरं एक पुस्तक उचललं, कोणी आणलं ते विचारलं आणि गेल्या. शनिवार जवळ आला होता, माळा ओवायच्या होत्या.

साहेब उठून माझ्या टेबलाशी आले. पाठीवरचं नाव वाचलं. पुस्तक उघडून पहिलं पान बघितलं, मग सुरुवातीची पानं शोधत मागे गेले. मागे काही नव्हतं.

"मुखपृष्ठ?"

"नारळपाण्यात गेलं."

"माझा फोटो?"

"त्याच्याचबरोबर."

"आणि प्रस्तावना? आठही?"

"चाँदभाईंनी काढून टाकल्या. मुंग्या लागल्या होत्या."

मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी चष्मा काढला आणि ते रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही, माझेही डोळे भरून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, पोस्टातल्या बाई, गुरुजी, माझी करपलेली भाकरी. ते ऐकत होते आणि पुस्तकाच्या कापडावरून अंगठा फिरवत होते.

"शोभाताईंना सांगू का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नको. मी लिहिलंय म्हटलं तर त्यांना आवडायचं थांबेल." मग नाक पुसून म्हणाले, "हे माझ्या नावावर द्या. मीही वाचतो. त्या म्हणतायत तर."

"लगेच नाही मिळायचं, साहेब. नंबर लागलाय. गुरुजींच्या सूनबाई, मग शाळेतले दोघं."

"म्हणजे पाळी यायची आहे माझी?" त्यांना हसू फुटलं. जन्मभर इतरांच्या पाळ्या लावलेला माणूस तो. "बरं. तोवर ते राहिलेलं लिहून काढतो. म्हातारीचं. पाणी पुरलं होतं बाई, पण कसं पुरलं ते वेगळंच आहे."

"मला सांगू नका," मी म्हटलं. "वाचेन."

बाहेर टेम्पोवाला कंटाळला होता. दारातून डोकावून म्हणाला, "साहेब, भरू का? रद्दीवाला दुकान बंद करील."

"भर," साहेब म्हणाले. "पण रद्दीवाल्याकडं नको. चाँदभाईकडं घे."

कपाट रिकामं झालं. टेम्पो सुरू झाला. साहेब पुढे बसले, दार लावलं, आणि पुन्हा उघडून मला ओरडून म्हणाले, "बाई, चाँदभाईला फोन करून ठेवा! म्हणावं, वरचं सगळं काढायचं. म्हातारीपासून सुरू करायचं."